दोनदा ओढायचं दार

बाईंना निरोप द्यायला सगळा वर्ग उभा राहिला, तेव्हा बाई नुकत्याच येऊन पोचल्या होत्या. हातातली पर्ससुद्धा अजून टेबलावर ठेवलेली नव्हती.

त्याचं असं झालं. दोन देशांतल्या दोन शाळांनी एकमेकींकडे एकेक शिक्षिका तीन महिन्यांसाठी पाठवायची, अशी एक योजना त्या काळी निघाली होती. तिकडून चित्रकला शिकवणारी एक तरुण मुलगी इकडे आली आणि इकडून गणिताच्या बाई तिकडे गेल्या. बाईंचं नाव लांबलचक, त्यात दोन जोडाक्षरं. तिकडच्या मुख्याध्यापिकेनं वर्गासमोर ते नाव घ्यायचा दोनतीनदा प्रयत्न केला आणि शेवटी तिला ठसकाच लागला. बाईंना तिची दया आली.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मुलं आम्हाला नुसतं 'बाई' म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा."

"बाय?" मुख्याध्यापिकेनं विचारलं.

"बाई," बाईंनी शेवटची 'ई' चांगली ताणून सांगितली.

झालं! पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर करून हलवला. तिचं पाहून शेजारणीनं हलवला. बघता बघता अख्खा वर्ग उभा राहिला आणि हात हलवत "बाय-ई! बाय-ई!" करायला लागला. तिकडे निरोप घेताना 'बाय' म्हणतात हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण वीस वर्षं ज्या हाकेला ओ दिली, तीच हाक तिकडे माणसाला दाराबाहेर काढते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी अगदी कळवळून म्हणालं, "आत्ताच आल्या आणि लगेच चालल्यासुद्धा?"

"अगं बाई!" बाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि वर्गानं तेही उचललं.

आठवडाभरात सगळ्यांना कळलं की बाई हे नाव आहे आणि बाई कुठेही चाललेल्या नाहीत. पण पोरांना ती गंमत सोडवेना. रोज सकाळी बाई वर्गात शिरल्या की वर्ग हात हलवून त्यांना निरोप द्यायचा, आणि मग बाई पाढे घ्यायच्या. त्यांची तिकडची भाषा मोडकीतोडकी होती, पण पाढ्याच्या चालीला भाषा लागत नाही. बे एके बे, बे दुणे चार. अर्थ न कळता पोरं डोलत डोलत म्हणायची आणि आकडा फळ्यावर बरोबर लिहायची. एकानं घरी जाऊन सांगितलं की आम्हाला नव्या बाई गाणं शिकवतात. दुसऱ्या दिवशी त्याची आई तक्रार करायला आली, दारातून जरा वेळ ऐकत उभी राहिली, आणि सात सत्ते एकोणपन्नासला हळूच मान डोलवून निघून गेली.

पण ही शाळेची गोष्ट झाली. खरी पंचाईत घरी होती.

बाईंची राहायची सोय त्या वर्गाच्या शिक्षिकेकडेच केलेली होती. ती बाईंपेक्षा दोनचार वर्षांनी लहान. उंच, हाडापेराची, हसायला लागली की तोंडाआधी खांदे हलायचे. लग्न केलेलं नव्हतं. घरात ती आणि तिचे म्हातारे वडील. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते, निवृत्त होऊन जमाना लोटला होता. बाई त्यांना मास्तरच म्हणायच्या.

घर अरुंद, दुमजली, रस्त्याला लागून. बाईंची खोली वरच्या मजल्यावर. खोलीत एक पलंग, एक कपाट, आणि खिडकीशी एक टेबल. ते टेबल पाहिलं आणि बाई त्याच्या कडेवरून नुसता हात फिरवत राहिल्या. घरी वह्या तपासायच्या त्या ओट्यावर, नाहीतर शिलाई मशीनचं झाकण लावून त्याच्यावर. मशीनवर कुणाचे कपडे पडलेले असले तर आधी ते उचलायचे, घड्या घालायच्या, आणि मग वह्या. इथे टेबल होतं, त्याला खण होता, आणि खोलीची किल्ली बाईंच्या पर्समध्ये होती.

रस्त्याकडचं दार मात्र जुनं आणि जड. एकदा ओढलं की लागल्यासारखं वाटायचं, पण खटका पडायचा नाही. जरा दम धरून दुसऱ्यांदा ओढलं की मग 'खट्' असा आवाज व्हायचा. पहिल्या दिवशी बाईंनी ते एकदाच ओढलं, तर वाऱ्यानं उघडून स्वयंपाकघरापर्यंत रस्त्यावरची पानं आली. "ह्या दाराला एकदा सांगून कळत नाही," मास्तरांची लेक म्हणाली. "बाबांसारखंच आहे."

मास्तरांचं विस्मरण वाढलेलं होतं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही, पण कुठल्या स्टेशनवर कुठली गाडी किती थांबायची, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. पहिल्या संध्याकाळी लेकीनं ओळख करून दिली, "बाबा, ह्या बाई."

मास्तरांनी खुर्ची मागे सारली. टेबलाला हात टेकून हळूहळू उभे राहिले. कोटाची बटणं लावली, वरचं, मधलं, खालचं. मग बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "प्रवास सुखाचा होवो. सामान सगळं घेतलंत ना?"

"बाबा, त्या आत्ताच आल्यात."

"असं होय?" मास्तर हळहळले. "मग फारच थोडं राहिल्या."

लेकीचे खांदे हलायला लागले. बाईंनी ओठ आवळून धरले, पण त्यांनाही हसू फुटलंच. मास्तरही हसले, का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढे हे रोजचंच झालं. जेवताना लेक म्हणायची, "बाई, जरा मीठ द्या," की मास्तर घास टाकून उभे. "बाबा, बसा, मीठ द्यायला सांगितलंय, गाडीत बसवायला नाही!" ते बसायचे. पुन्हा कुणी 'बाई' म्हटलं की पुन्हा उभे. एकदा तर एका जेवणात इतक्यांदा उठले-बसले की लेक म्हणाली, बाबांचा वर्षाचा व्यायाम झाला.

शेवटी भांडी पुसताना तिनं विचारलं, "तुम्हाला दुसरं काही नाव नाही का? घरी काय म्हणतात तुम्हाला?"

"घरी?" बाई हातातली बशी पुसत विचार करायला लागल्या. "मुलं आई म्हणतात. दिराची मुलं काकू म्हणतात. नणंदेची मामी म्हणतात. धाकटे दीर वहिनी म्हणतात. सासूबाई 'अगं' म्हणतात."

"आणि नवरा?"

"ते काहीच म्हणत नाहीत."

"काहीच नाही म्हणजे? हाक कशी मारतात?"

"'ऐकलंस का?' असं म्हणतात."

ते 'ऐकलंस का' तिनं तीनदा म्हणून घेतलं, आणि अर्थ सांगितल्यावर तर हातातला चमचाच खाली पडला. "म्हणजे तुमचं नाव 'ऐकलंस का'? आणि मग ऐकता का तुम्ही?"

"नाव असल्यावर ऐकावंच लागतं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तिनं मोठ्या ऐटीत हाक मारली, "ऐकलंस का, मीठ द्या!" तिच्या तोंडी ते इतकं वेडंवाकडं आलं की बाईंना ठसका लागला. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. जेवण शांतपणे पार पडलं. पण जेवण संपलं तरी मास्तर काही हरवल्यासारखे इकडेतिकडे बघत राहिले. अखेर त्यांनी लेकीला विचारलं, "आज कुणीच जायचं नाही का?"

तेव्हापासून 'ऐकलंस का' बंद झालं आणि 'बाई' पुन्हा सुरू झालं. "राहू दे," लेक म्हणाली. "उभं राहायला काही कारण मिळतं त्यांना. चाळीस वर्षं फलाटावर उभे राहिलेत. गाडी निघताना स्टेशनमास्तर बसलेला असला तर ती गाडी कशी निघणार, म्हणायचे."

बाईंनाही ते राहायलाच हवं होतं. कारण त्यांना आता सकाळची गोडी लागली होती. सकाळी त्या वरून खाली आल्या, की मास्तर टेबलाशी कपात पाव बुडवत बसलेले असायचे. लेक बाहेरून ओरडायची, "बाई, चला, उशीर होतोय!" मास्तर कप ठेवायचे. उभे राहायचे. तीन बटणं. दोन हातांत हात. "प्रवास सुखाचा होवो. सामान सगळं घेतलंत ना?" बाई हातातली वह्यांची पिशवी वर करून दाखवायच्या. मग ते दारापर्यंत यायचे, आणि बाई कोपऱ्यावर वळेपर्यंत उंबऱ्यात उभे राहायचे. बाई रोज कोपऱ्यावरून मागे बघायच्या, आणि तो हात वर असायचा.

असं बाईंना आजवर कुणी पोचवलं नव्हतं. तसं घरी काही वाईट नव्हतं. नवरा सज्जन माणूस. कधी आवाज चढवायचा नाही, पगार आणून हातात द्यायचा, परदेशी जायचं ठरलं तेव्हा सासूबाईंचं तोंड वाकडं झालं तर "जाऊ दे गं आई, मिळतंय तर बघून येऊ दे" असं म्हणालाही होता. पण सकाळी शाळेला निघताना आतून सासूबाई विचारायच्या, "अगं, गॅस बंद केलास का?" आणि हे वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "ऐकलंस का, दार ओढून घे." वर्तमानपत्र कधी खाली यायचं नाही. वीस वर्षं बाई दार ओढून घेत होत्या. विमानतळावर मात्र सगळं गणगोत आलं होतं. पण ते बाईंना पोचवायला आले होते की बॅगेला, हे सांगणं कठीण होतं. वजन किती भरेल, कुलूप मजबूत आहे का, तेलाची बाटली सांडेल का, यातच वेळ संपला.

हे सगळं बाईंनी एका रविवारी कपडे वाळत घालताना मास्तरांच्या लेकीला सांगितलं. म्हणजे हसत हसतच सांगितलं. तिनं चिमटे तोंडात धरले होते, ते काढले.

"बाबा तुम्हाला फार मोठे वाटतात ना? आईला विचारायला हवं होतं तुम्ही. ती जन्मभर करवादायची. म्हणायची, ह्या माणसानं ओळखीच्या-अनोळखीच्या साऱ्या गावाला उभं राहून निरोप दिला, आणि मी माहेरी निघाले तर खुर्चीतून उठला नाही. एकदा तर ती महिनाभरासाठी चालली होती, तरी हे रेडिओ ऐकत बसलेले."

"आणि मग काय म्हणायचे?"

"काय म्हणणार? घरच्या माणसाला कोण पोचवायला जातं, म्हणायचे." तिनं पुन्हा चिमटे तोंडात धरले आणि त्यामधूनच काहीतरी पुटपुटली. चादर दोघींनी दोन टोकांना धरून पिळली.

दिवस भराभर गेले. होती ती पानं गळून झाडं बोडकी झाली आणि बाईंनी दोन स्वेटर एकावर एक चढवले. वर्गाचे पाढे पुढे सरकत गेले. बाईंच्या टेबलाच्या खणात खडूचे तुकडे, मुलांनी काढलेली त्यांची चित्रं, त्यात कपाळावरची टिकली कपाळाएवढीच मोठी काढलेली, असं बरंच काय काय जमा झालं. आणि जायचा आठवडा येऊन ठेपला.

तेव्हा बाईंच्या मनानं एकच गोष्ट धरली. मास्तरांनी एकदा, खरोखरीच्या जाण्याला, उभं राहून आपला हात हातात घ्यावा. आजवर झाले ते सगळे निरोप उसने होते, एका शब्दाच्या चुकीतून पदरात पडलेले. हा एक आपल्या हक्काचा असावा. आणि तो देताना मास्तरांना ठाऊक असावं, की ही आता संध्याकाळी परत यायची नाही.

लेकीला हे पटेना. "सांगू नका त्यांना," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा रोज विचारायचे, ती कुठे आहे. मी रोज सांगायची. आणि रोज त्यांना ते नव्यानंच कळायचं. मग मी सांगायचं सोडलं. तुम्ही जा. त्यांना दोन दिवस चुकल्यासारखं होईल, मग विसरतील."

विसरतील, हे तिनं दिलाशासाठी म्हटलं होतं. बाईंना ते पायात काटा मोडल्यासारखं लागलं.

शाळेतला शेवटचा दिवस आला. मुख्याध्यापिकेनं छोटंसं भाषण केलं, फुलं दिली. मग वर्गशिक्षिका म्हणून मास्तरांची लेक पुढे झाली आणि मुलांना म्हणाली, "चला, आता नीट निरोप द्या."

आणि वर्ग गप्प झाला. रोज सकाळी घसा फोडून ओरडणारी पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. तीन महिने जो शब्द ती 'आलात का' म्हणून वापरत होते, तोच आज 'चाललात का' म्हणून वापरायचा होता, आणि तो कुणाच्या तोंडून फुटेना. शेवटी पहिल्या बाकावरची तीच मुलगी उभी राहिली. हात न हलवता, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "बे एके बे." मग शेजारीण. मग सगळा वर्ग. चाल लागली, माना डोलायला लागल्या. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिल्या. बे दाहे वीस झालं तरी त्या पुसतच होत्या.

त्या संध्याकाळी बॅग भरून झाल्यावर बाई खाली आल्या. लेक स्वयंपाकघरात होती. मास्तर खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणारी माणसं बघत होते. बाईंनी खुर्ची ओढून जवळ घेतली. लेकीचं ऐकायचं की मनाचं, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

"मास्तर, उद्या मी जाणार."

"हो, हो. रोजच जाता तुम्ही."

"तसं नाही. उद्या मी घरी जाणार. माझ्या घरी."

"संध्याकाळी कुठल्या गाडीनं येणार?"

इथेच सांगायचं होतं की येणार नाही. तिकडच्या भाषेत ते सोपंही होतं, दोन शब्दांचं. पण बाईंची जीभ वळेना. लहानपणी उंबऱ्यात 'जाते' म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची, जाते काय म्हणतेस, येते म्हण. तो धपाटा इतक्या वर्षांनी आणि इतक्या दूर येऊन पाठीत बसला. मास्तर उत्तराची वाट बघत होते. बाईंच्या तोंडून आपल्याच भाषेत निघून गेलं, "येते."

"हे काय म्हणालात?"

"आमच्याकडे जाताना असं म्हणतात. येते. म्हणजे... मी येते आहे, असं."

"जाताना?" मास्तर खुर्चीत सरळ झाले. डोळे एकदम लख्ख झाले. "जाणारी गाडी म्हणते मी येतेय?"

"हो."

"मग तुम्ही लोक वेळापत्रक कसं लावता?"

बाई हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मास्तर गंभीरपणे मान हलवत राहिले. असल्या देशातल्या स्टेशनमास्तराची त्यांना मनापासून काळजी वाटत होती. स्वयंपाकघरातून लेक म्हणाली, "काय चाललंय तुमचं दोघांचं?" आणि बाईंनी ठरवलं की आता काही सांगायचं नाही. सकाळी हाक ऐकली की ते उठतीलच. कशासाठी ते त्यांना ठाऊक नसलं तरी आपल्याला असेल. तेवढ्यावर भागवू.

सकाळी टॅक्सी आली. बॅग बाहेर गेली. बाई जिना उतरून खाली आल्या. वरच्या खोलीची किल्ली त्यांनी आधीच टेबलावर ठेवलेली होती, तरी पर्समध्ये हात घालून ती चाचपायची सवय सुटली नव्हती. मास्तर टेबलाशी होते. कपात पाव होता. रेडिओवर हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या.

बाहेरून लेकीनं हाक मारली. तिचा आवाज चिरकला, पण शब्द नेहमीचेच होते, "बाई, चला, उशीर होतोय!"

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी चित्रांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, उजवा हात मोकळा केला.

मास्तरांनी पावाचा तुकडा तोंडात घातला. बाईंकडे पाहिलं, पुन्हा रेडिओकडे पाहिलं. उठले नाहीत. बटणांकडे हात गेला नाही.

"मास्तर," बाई म्हणाल्या. "येते."

"हं," मास्तर म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखं मान न वळवताच म्हणाले, "दार नीट ओढून घे. वारं आत येतं."

त्या भाषेत तू आणि तुम्ही एकच. पण बाईंच्या कानाला ते 'घे' असंच ऐकू आलं.

बाई क्षणभर तशाच उभ्या होत्या. मोकळा केलेला हात तसाच अर्धवट पुढे. मग तो त्यांनी दाराच्या मुठीवर ठेवला, बाहेर आल्या, दार ओढलं. लागल्यासारखं वाटलं. जरा दम धरला आणि दुसऱ्यांदा ओढलं. खट्.

टॅक्सी निघाली. कोपऱ्यावर बाईंनी सवयीनं मागे वळून पाहिलं. दार बंद होतं, कारण त्यांनी स्वतःच ते नीट बंद केलं होतं.

"उठले नाहीत आज," बाई म्हणाल्या. आवाजात रुसवा होता तो त्यांना लपवता आला नाही.

"मी खिडकीतून पाहिलं, ऐकलंही," लेक म्हणाली. ती समोरच्या काचेकडे बघत होती. "'दार ओढून घे, वारं आत येतं,' असं तुम्हाला म्हणाले ना, ते... मला त्यांनी कधी म्हटलं नाही. मी तशीही ओढतेच. आईला म्हणायचे. रोज."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विमानतळ येईपर्यंत सोडला नाही. उतरताना मात्र त्यांनी तिला आठवण करून दिली, "ऐकलंस का, सामान सगळं घेतलंय ना बघ." आणि लेकीचे खांदे हलायला लागले, पण या वेळी ते हसण्यानं नव्हतं.

घरी परतल्यावर पहिले काही दिवस कौतुकात गेले. सासूबाईंनी शेजारपाजारच्या बायकांना बोलावून परदेशी साबण हुंगायला दिला. मुलांनी चित्रं पाहिली, टिकलीला हसली. मग बाईंची शाळा सुरू झाली.

सकाळी त्या वह्यांची पिशवी घेऊन निघाल्या. आतून सासूबाईंनी विचारलं, "अगं, गॅस बंद केलास का?" बाईंनी हो म्हटलं. चपला घातल्या. वर्तमानपत्र नेहमीच्या जागी उभं होतं.

"ऐकलंस का," वर्तमानपत्राआडून आवाज आला, "दार ओढून घे."

बाई थांबल्या. त्यांनी त्या वर्तमानपत्राकडे, त्याच्या कडा धरलेल्या बोटांकडे इतका वेळ बघितलं की शेवटी ते खाली आलं.

"काय गं? काही विसरलीस का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "येते."

"बरं," ते म्हणाले. जरा गोंधळलेच होते. "ये."

बाई बाहेर आल्या आणि दार ओढलं. घरचं दार साधं, हलकं, एकाच ओढीत लागायचं. लागलंही. बाई दम धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते पुन्हा एकदा ओढलं.

"लागलंय गं!" आतून आवाज आला.

"माहितेय," बाई म्हणाल्या.

पुन्हा तिकडे जाणं काही झालं नाही. मुलांची शिक्षणं, सासूबाईंचं दुखणं, मग लग्नं, मग गुडघे. लेकीशी सणासुदीला फोनवर बोलणं व्हायचं. मास्तर कसे आहेत विचारलं की ती सांगायची, बरे आहेत, आणि एका वर्षी तिनं तसं सांगितलं नाही. तेव्हा बाईंनी विचारलं, दाराचं काय? ती म्हणाली, अजून तसंच आहे, दोनदा ओढावं लागतं.

बाईंची नातवंडं आता म्हणतात, आजी दाराशी भांडते. फ्लॅटचं नवं दार आहे, नुसतं बोट लावलं तरी बंद होतं. पण अगदी भाजीला निघाल्या तरी बाई ते एकदा ओढतात, थांबतात, आणि हळूच पुन्हा एकदा ओढतात. मधल्या त्या थांबण्यात त्या कान देऊन उभ्या असतात. आतून कुणी काही म्हणतंय का, ते ऐकत.